तिळाएवढे अंतर

डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. त्यानंतर जे मृत्युलेख प्रसिद्ध झाले, त्यांत खगोलशास्त्रज्ञ नारळीकरांना योग्य तो मान मिळाला. कथाकार नारळीकरांच्या वाट्याला मात्र बहुधा एकच विशेषण आले, आणि ते म्हणजे विज्ञानप्रसारक. त्यांनी सोप्या मराठीत विज्ञान सांगितले, अंधश्रद्धेवर प्रहार केले, मुलांना आकाशाची गोडी लावली, हे सारे खरेच आहे. परंतु कथेला प्रसाराचे साधन म्हटले, की तिच्याकडे कथा म्हणून पाहण्याची जबाबदारी टळते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘नारायण विनायक जगताप’ असे टोपणनाव घेऊन कृष्णविवरावरची कथा पाठविणाऱ्या या शास्त्रज्ञाला आपल्या कीर्तीचा टेकू नको होता. आपले लेखन लेखन म्हणून तपासले जावे, एवढीच त्याची अपेक्षा होती. ती अपेक्षा मनात धरून त्यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

याच कथेची निवड करण्यास एक निमित्त आहे. आपल्या धर्मग्रामांतील तरुण मुले-मुली आज ज्या कल्पनाविश्वात रमतात, त्यात ‘मल्टिव्हर्स’ हा शब्द परवलीचा झाला आहे. आपल्या विश्वाशेजारी दुसरी असंख्य विश्वे आहेत, प्रत्येकात आपलीच एक निराळी प्रत नांदते आहे, आणि एका विश्वातून दुसऱ्यात जाता येते, ही ती कल्पना. २०१८चा ‘स्पायडर-मॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स’ किंवा २०२२चा ‘डॉक्टर स्ट्रेंज इन द मल्टिव्हर्स ऑफ मॅडनेस’ हे चित्रपट त्यांना तोंडपाठ असतात. हे सगळे हॉलिवूडने शोधून काढले, असा त्यांचा समज असतो. या चित्रपटांच्या कितीतरी आधी एका मराठी लेखकाने ही कल्पना पुणे-मुंबई रेल्वेच्या डब्यात आणून बसविली होती, हे त्यांना सांगावयास हवे. या कथेचे इंग्रजी रूप ‘द ॲडव्हेंचर’ एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाले. म्हणजे आपल्यातील काही मुलांनी ती परीक्षेपुरती वाचलीही असेल. परीक्षेपलीकडे जाऊन ती वाचण्यासारखी आहे.

कथानक थोडक्यात असे. प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे हे इतिहासाचे पंडित. त्यांनी नऊशे नव्व्याण्णव सभांचे अध्यक्षपद भूषविले आहे आणि हजारावे अध्यक्षीय भाषण पानिपतच्या तिसऱ्या लढाईवर व्हावयाचे आहे. पानिपतचा निकाल उलटा लागला असता तर काय झाले असते, या विचारात असतानाच एका ट्रकशी त्यांची टक्कर होते, आणि ते पोहोचतात निराळ्याच हिंदुस्थानात. मुंबईला जाणाऱ्या गाडीत शेजारी खानसाहेब बसले आहेत. ते दिल्ली, लाहोर करीत पेशावरला निघाले आहेत. म्हणजे येथे फाळणी झालेलीच नाही. मुंबईत अजून ईस्ट इंडिया कंपनी नांदते आहे, स्थानक स्वच्छ आहे, पण आपल्या मुलाच्या चौकशीसाठी गेलेल्या पंतांना त्या कचेरीत त्या नावाचा कोणी भेटत नाही. गोंधळलेले पंत टाउन हॉलमधील ग्रंथालय गाठतात आणि स्वतःचेच पाच खंडांतील इतिहासग्रंथ मागवितात. चार खंड जसेच्या तसे आहेत. पाचव्या खंडात मात्र १४ जानेवारी १७६१ या दिवशी इतिहास वळण घेतो. पानिपतावर मराठे जिंकले आहेत! हे कसे झाले, याचा शोध घेताना भाऊसाहेबांच्या बखरीतील एक पान त्यांना सापडते. रणधुमाळीत विश्वासरावावर झाडलेली गोळी त्याच्या कानाला चाटून गेली, तिळाएवढा फरक पडता तर तो गेला असता, अशा आशयाचा मजकूर त्या पानावर आहे.

कथेतील विनोद खास मराठी आहे. आझाद मैदानावर सभा चालू आहे आणि व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची मोकळी आहे. हजार सभांचा सराव असलेले पंत सवयीने तीत जाऊन बसतात आणि भाषण सुरू करतात. त्या दुसऱ्या हिंदुस्थानातील श्रोत्यांनी अध्यक्षीय भाषणाची रूढी केव्हाच मोडीत काढली आहे. ते अंडी आणि टोमॅटो फेकतात आणि शेवटी व्यासपीठावर चाल करून येतात. पंत पुन्हा आपल्या जगात येतात ते आझाद मैदानावर पडलेल्या अवस्थेत, खिशात ते फाटके पान घेऊन. आपल्या सभासंस्कृतीची एवढी खेळकर थट्टा क्वचितच कोणी केली असेल. पुढे डिसेंबर २०२१मध्ये नाशिकला भरलेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद स्वतः नारळीकरांकडे आले, आणि प्रकृतीच्या कारणाने ते प्रत्यक्ष उपस्थित राहू शकले नाहीत. त्यांच्या आधीच्या, जानेवारी २०२०मधील उस्मानाबादच्या ९३व्या संमेलनाचे अध्यक्ष होते आपले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. एक धर्मगुरू आणि एक खगोलशास्त्रज्ञ यांना लागोपाठ तो मान देणाऱ्या मराठी वाचकाच्या मनाला दोन्ही खिडक्या आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

आता कथेतील विज्ञानाकडे वळू. गंगाधरपंतांचे मित्र राजेंद्र देशपांडे त्यांना घडल्या प्रकाराची उपपत्ती समजावून देतात. फ्रेंच गणिती रने थॉम यांनी मांडलेल्या ‘कॅटॅस्ट्रॉफी’ सिद्धान्ताप्रमाणे एखाद्या व्यवस्थेत लहानसा बदल झाला, तरी तिची पुढची सगळी वाट एकदम बदलू शकते. सेनापती पडला की सैन्याचा धीर सुटतो, हा त्याचा रणांगणावरील दाखला. दुसरा आधार पुंजवादाचा. बंदुकीतून सुटलेल्या गोळीची वाट गणिताने सांगता येते, पण इलेक्ट्रॉन नेमका कोठे जाईल हे निश्चित सांगता येत नाही. केवळ शक्यता सांगता येतात. १९५७ साली अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेट यांनी असे सुचविले होते, की या साऱ्या शक्यता आपापल्या जागी खऱ्याच ठरतात. एका जगात हे घडते, दुसऱ्यात ते. नारळीकरांनी या दोन विचारांची गाठ एका गोळीशी बांधली आणि पुराव्यादाखल एक फाटके पान वाचकाच्या हाती ठेवले. विज्ञानकथेत विज्ञान कथेच्या पोटातून यावे, वरून चिकटविलेले नसावे, अशी अपेक्षा असते. राजेंद्राचे व्याख्यान थोडे लांबले असले, तरी ते पान ही अपेक्षा पूर्ण करते.

असल्या ‘जर-तर’च्या विचारांनी श्रद्धेला धक्का लागेल, असे आपल्यातील काहींना वाटण्याचा संभव आहे. तशी भीती बाळगण्याचे कारण नाही. जुन्या करारातील शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, तेविसाव्या अध्यायात, दावीद कईला नगरात असताना परमेश्वराला दोन प्रश्न विचारतो. शौल येथे चालून येईल काय? आणि नगरवासी मला त्याच्या हाती देतील काय? दोन्हींना होकारार्थी उत्तर मिळते. दावीद आपल्या माणसांसह नगर सोडतो आणि त्यामुळे त्या दोन्ही गोष्टी घडतच नाहीत. न घडलेला इतिहासही परमेश्वराला ठाऊक असतो, हे तेथे स्पष्टच आहे. १२७७ साली पॅरिसचे बिशप एतिएन तांपिए यांनी जी मते धिक्कारली, त्यांत परमेश्वर एकाहून अधिक जगे निर्माण करू शकत नाही, असे म्हणणारे मतही होते. १५८८ साली येशूसंघीय ईशज्ञानी लुईस दे मोलिना यांनी तर एखाद्या परिस्थितीत मनुष्य स्वेच्छेने काय करील याचे परमेश्वराला असणारे ज्ञान, यावर मोठा ग्रंथच सिद्ध केला. तात्पर्य, अनेक जगांची कल्पना आपल्या परंपरेला परकी नाही.

मतभेदाची जागा वेगळी आहे, आणि ती त्या बखरीच्या पानावरच आहे. गोळी चुकली त्या पानावर बखरकार देवाची कृपा झाली असे म्हणतो. गोळी लागली, त्या आपल्या जगातील पानावर तोच देवाची अवकृपा झाली असे लिहितो. नारळीकरांनी ही दोन पाने शेजारी ठेवली आहेत. त्यामागचे त्यांचे स्मित बुद्धिवाद्याचे आहे. तिळाएवढ्या अंतरावर देवाची मर्जी ठरवणारा हा कोण, असे जणू ते विचारतात. येथे ख्रिस्ती वाचकाने त्यांच्या बाजूने उभे राहावयास हवे. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मरण पावल्याचा उल्लेख आहे. ती माणसे यरुशलेमातील इतरांहून अधिक पापी होती, ही समजूत येशूने साफ नाकारली. अपघाताच्या दगडविटांत देवाचा निकाल वाचू नये, हाच त्याचा बोध. तो श्रोत्यांची दृष्टी मेलेल्यांच्या पापावरून जिवंतांच्या पश्चात्तापाकडे वळवितो. बखरकाराला जे उमगले नाही ते नारळीकरांच्या विनोदाला उमगले, आणि आपल्याला ते शुभवर्तमानातून आधीच सांगितलेले होते.

इथवर कथेचे गुण झाले. परंतु मेलेल्यांविषयीचा प्रश्न उपस्थित झालाच आहे, तर तो कथेलाही विचारला पाहिजे. ज्याच्या कानाजवळून गोळी गेली तो विश्वासराव कोण? नानासाहेब पेशवे आणि गोपिकाबाई यांचा थोरला मुलगा. पानिपतावर त्याचे वय होते अठरा. आज जो मुलगा बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत असतो, त्याच्या वयाचा. कथेत तो येतो तो गोळीचे लक्ष्य म्हणून. त्याला चेहरा नाही, भीती नाही, आई नाही. ज्या जगात तो वाचला तेथेही तो एक वाक्य होऊन पुण्यास परततो आणि पुढे राज्य करतो. शिवाय त्या विजयी जगात पानिपताच्या मैदानावर माणसे पडलीच असतील. ती अब्दालीची अधिक असतील, एवढाच फरक. त्यांच्याकडे कथा पाहत नाही. पानिपतची बातमी ज्या सांकेतिक पत्राने आली, त्यात माणसांची गणती मोती, मोहरा आणि खुर्दा अशी केली होती हे प्रसिद्धच आहे. त्या नाण्यांच्या हिशेबामागे निदान लिहिणाऱ्याचा कंप होता. नारळीकरांच्या कथेत हिशेब आहे, कंप नाही.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे, पण त्यातच या कथेचे खरे बलस्थानही दडलेले आहे. गोळी चुकल्याने त्या हिंदुस्थानाचे भाग्य उघडले, असे कथा म्हणते. तथापि पाचव्या खंडात गंगाधरपंत काय वाचतात ते नीट पाहावे. विजयानंतरच्या राज्यकर्त्यांनी युरोपातून येणाऱ्या यंत्रयुगाचे महत्त्व ओळखले आणि विज्ञान व तंत्रज्ञानाची स्वतःची केंद्रे उभारली. कंपनीने मदतीच्या मिषाने शिरकाव करू पाहिला, तेव्हा ती मदत आपली केंद्रे स्वयंपूर्ण होण्यापुरतीच घेतली. पुढे विसाव्या शतकात त्या देशात लोकशाहीही आली. यांतले एकही काम गोळीने केलेले नाही. गोळीने फार तर दार उघडले. आत पाऊल टाकण्याचा निर्णय माणसांनी घेतला. कथा ज्या एका परिच्छेदावरून भरभर पुढे जाते, तोच तिचा गाभा आहे. राजेंद्राचे व्याख्यान योगायोगाविषयी आहे, पण कथेतील हिंदुस्थान घडला तो निर्णयांनी. पुढे १९८८ साली पुण्यात ‘आयुका’ ही संस्था उभी करण्यात ज्यांचा पुढाकार होता, त्या नारळीकरांना हे ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे? त्यांच्यातील संस्थापकाला जे माहीत होते, ते त्यांच्यातील कथाकाराने पुरतेपणी लिहिले नाही, एवढेच म्हणता येईल.

कथेतील गोळीचा विचार करताना आमच्या वरणगावचा उल्लेख टाळता येत नाही. भुसावळ तालुक्यातील या गावाची ओळख महाराष्ट्राला आहे ती येथील आयुध निर्माणीमुळे. १९६२च्या युद्धानंतर दोन वर्षांनी, १९६४ साली ती सुरू झाली. १ ऑक्टोबर २०२१पासून ती ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या सरकारी कंपनीचा भाग झाली. फॅक्टरीत लहान शस्त्रांची काडतुसे तयार होतात. ५.५६ आणि ७.६२ मिलिमीटर हे आकडे या परिसरात शाळकरी मुलांनाही माहीत असतात. पहिल्या काडतुसातील गोळीचे वजन सुमारे चार ग्रॅम, दुसऱ्यातील सुमारे साडेनऊ ग्रॅम. पितळेची पुंगळी, तीत मोजून भरलेली दारू, तोंडाशी गोळी, आणि प्रत्येक नग आधीच्या नगासारखाच उतरला पाहिजे याची अखंड तपासणी. कथेतील गोळी तिळाएवढी सरकते आणि इतिहास बदलतो. येथील सारी मेहनत गोळी तिळाएवढीही सरकू नये यासाठी असते.

योगायोग असा, की हेच दोन आकडे आपली मुले मोबाइलच्या पडद्यावर रोज पाहतात. पब्जी हा खेळ सप्टेंबर २०२०मध्ये भारतात बंद झाला आणि २०२१मध्ये ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने त्याची नवी आवृत्ती आली. शंभर खेळाडू छत्रीने एका बेटावर उतरतात, पडलेली शस्त्रे गोळा करतात आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. तेथे सापडणाऱ्या काडतुसांवर ५.५६ आणि ७.६२ असेच लिहिलेले असते. या खेळाला सरसकट शिव्या देण्यात अर्थ नाही. चौघा मित्रांची जूट, नकाशाचे भान, प्रसंगावधान हे गुण त्यात लागतात. दूर झाडलेली गोळी किती वेळाने पोहोचेल आणि वाटेत किती खाली येईल, याचेही गणित त्या खेळात केलेले असते. म्हणजे गोळीचे भौतिकशास्त्र तेथे आहे. वजन मात्र नाही. कारण ज्याला ती लागते तो थोड्याच वेळात पुन्हा छत्रीने उतरतो. त्या बेटावर कोणाचे वय अठरा नसते आणि कोणाची आई वाट पाहत नसते.

अनेक विश्वांच्या चित्रपटांपुढेही हाच पेच आहे. या जगात मेलेला शेजारच्या जगात जिवंत असेल, तर मरणाचे आणि म्हणून जगण्याचेही मोल काय? या प्रकारातील सुमार चित्रपट हा प्रश्न आतषबाजीत बुडवितात. चांगले चित्रपट त्याला सामोरे जातात. २०२३ साली सात ऑस्कर मिळविणारा ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ पाहावा. कपडे धुण्याचे दुकान चालविणारी एक स्थलांतरित चिनी आई अगणित जगांतून भटकून येते. नटी, गायिका, कोण कोण होऊन येते. शेवटी निवड करते ती आपल्या दुकानाची, कराच्या कागदांची आणि रुसलेल्या लेकीची. अनंत शक्यतांपुढे हे एकच, अपुरे, आपल्या वाट्याला आलेले जीवन तिला पुरेसे वाटते. चित्रपटात धांगडधिंगा आणि ओंगळपणा पुष्कळ आहे, लहान मुलांसाठी तो नव्हेच. तरीही नारळीकरांच्या कथेत जी उणीव जाणवते ती त्याने भरून काढली आहे. शक्यतांच्या गणितात त्याने एक चेहरा ठेवला.

वरणगावसारख्या गावातील कुटुंबांना हा केवळ रसग्रहणाचा प्रश्न राहत नाही. फॅक्टरीच्या पगारावर येथे घरे उभी राहिली, मुले शिकली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५च्या ‘गौदियुम एत स्पेस’ या दस्तऐवजात देशरक्षणासाठी सैन्यात सेवा करणाऱ्यांना लोकांच्या सुरक्षिततेचे व स्वातंत्र्याचे सेवक मानले आहे. त्याच दस्तऐवजात शस्त्रस्पर्धेला मानवजातीचा घात करणारी आणि गरिबांना सहन न होण्याइतकी इजा करणारी गोष्ट म्हटले आहे. दोन्ही विधाने एकाच प्रकरणात आहेत, आणि दोन्ही मनात बाळगून जगणे सोपे नाही. काडतूस तयार करणाऱ्याच्या हातून ते पुढे कोठे जाते आणि कोणाच्या कानाजवळून जाते, हे त्याला कधीच कळत नाही. गोळी नेमकी असावी ही त्याच्या कामाची निष्ठा आहे, आणि ती कोणावर झाडण्याची वेळ येऊ नये ही त्याची प्रार्थना. या दोहोंमधील ताण ज्याला ठाऊक आहे, तो गंगाधरपंतांची कथा पुण्या-मुंबईच्या समीक्षकापेक्षा वेगळ्या प्रकारे वाचील. त्याला त्या बखरीच्या पानावर गोळीइतकाच मुलगाही दिसेल.

मराठी विज्ञानकथेला नारळीकरांनी जे दिले, ते मोठे आहे. ‘असे झाले असते तर’ हा प्रश्न त्यांनी भाबड्या हळहळीतून बाहेर काढून विचाराच्या कक्षेत आणला. पानिपतचे नाव काढताच उसासा टाकणाऱ्या समाजाला त्यांनी सांगितले, की दुसऱ्या जगातील मराठ्यांनी विजयानंतर प्रयोगशाळा बांधल्या; तुम्ही आपल्या जगात काय बांधता ते सांगा. पुढच्या लेखकांनी त्यांच्याकडून गणिताची ही शिस्त घ्यावी, आणि ज्या माणसांवर हे गणित बेतते त्यांची नावे व वये तीत भरावीत. असा लेखक आपल्या धर्मग्रामांतून का येऊ नये? संगणक शिकलेली, यंत्रे हाताळणारी, खेळ आणि चित्रपट कोळून प्यालेली मुले आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि शिलोहाच्या बुरुजाची गोष्टही त्यांनी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेली आहे.

तोवर एक करता येईल. ही कथा घरात मोठ्याने वाचावी. ती लांब नाही, एका संध्याकाळी संपते. आझाद मैदानावरील प्रसंगाला सगळे मनमुराद हसतील. नंतर मुलांना एवढेच विचारावे, की गोळी चुकल्यावर विश्वासरावाने काय करावयास हवे होते? उत्तरे निरनिराळी येतील आणि त्यांवर वादही होईल. तो होऊ द्यावा.